चौगुले अण्णांची घंटी

कोल्हापूर शहर, उपनगरे आणि आसपासच्या गावांतील तमाम बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, मंगळवार पेठेतील आमच्या गल्लीत फोन वाजला तर तो कोणीही, कोणत्याही कारणास्तव, उचलू नये. वाजणारा फोन मांडीवर ठेवावा, डोळे मिटावेत आणि घंट्या मोजाव्यात. मोजून झाल्यावर दाराच्या मागे चिकटवलेला तक्ता पाहावा व त्याप्रमाणे वागावे.

हा हुकूम कोणा कलेक्टरचा नव्हता. गगनबावड्याच्या एस.टी.वर तीस वर्षं कंडक्टरकी करून घरी बसलेल्या गणपती चौगुले अण्णांचा होता, आणि कलेक्टरच्या हुकमापेक्षा आमच्यात तो जास्त पाळला जात होता. मीही पाळला. मी पेठेतल्या शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे तो तक्ताही मीच रंगवला. त्याबद्दल सांगायचं आहे, पण जरा दमानं सांगतो.

हल्ली माझ्या भाचीच्या फोनात कसलंसं ॲप आहे. ते तिला पाणी प्यायची आठवण करतं, खुर्चीतून उठून चार पावलं चालायला सांगतं, अमक्याचा वाढदिवस आहे म्हणून बजावतं. ती मला म्हणते, "मामा, तुम्ही पण घ्या की. आयुष्य किती सोपं होतं!" मी म्हणतो, बाळ, ॲप हा शब्द पेठेत यायच्या कितीतरी आधी आमच्या अख्ख्या गल्लीनं एक ॲप वापरलंय. त्याला पांढऱ्या मिशा होत्या, आणि रोज सकाळी ते उघड्या अंगानं नळावर उभं असायचं.

अण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं ते या गल्लीत राहायला यायच्या आधी, नव्वदच्या दशकात, त्यांच्या गाडीत. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला मला पर्यवेक्षक म्हणून गगनबावड्याला धाडायचे. ऐन सप्टेंबरात तिकडं काय पाऊस असतो आणि काय धुकं! आपलाच हात लांब केला तर तो परक्याचा वाटावा. त्या धुक्यात ड्रायव्हर दत्तोबा गाडी हाणायचा आणि मागच्या दारात उभे राहून अण्णा दोरी ओढायचे. टण्ण: थांब. टण्ण टण्ण: चल. एवढं सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण या दोघांची भाषा त्याच्या फार पुढं गेली होती. कोपऱ्यावर बाई पळत येतेय, जरा दम धर, याची वेगळी घंटी. रस्त्यात म्हैस बसलीय, याची वेगळी. कडेला गाडी मागे घ्यायची असली की अण्णा अशा काही लयीत दोरी ओढत की दत्तोबा आरसा न बघता चाक वीतभर जागेत आणून टेकवायचा.

दोघांना एकमेकांशी बोलताना मात्र मी कधी पाहिलं नाही. एकदा विचारलं, तर दत्तोबा म्हणाला, "बावीस वर्सं एका गाडीवर हाय, मास्तर. बोललो असतो तर दोन वर्सांत डोकी फुटली असती."

त्याच गाडीत मी आणखी एक घंटी ऐकली. वाटेतल्या कळे गावच्या थांब्यावर एक म्हातारी चढता चढता पायरीवरून घसरली आणि गाडी तर हलली होती. अण्णांनी दोरी धरली ती सोडलीच नाही. एक, दोन, तीन असं काही नाही, नुसता सलग खणखणाट. दत्तोबा ब्रेकवर उभा राहिला. अख्खी गाडी एकमेकांच्या अंगावर, माझ्या रंगपेटीतली पोस्टर कलरची बाटली शेजारच्याच्या धोतरावर. म्हातारी मागच्या चाकाच्या हातभर अलीकडं बसून शिव्या देत होती. वाचली. मी त्या धोतराची माफी मागण्यात इतका गुंतलो की घंटी विसरून गेलो.

अण्णा निवृत्त झाले आणि वर्षभरात सुशीलावहिनींना, त्यांच्या बायकोला, झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. समजायचं सगळं, पण तोंडातून एक शब्द निघायचा नाही. त्याआधी या बाईंचा आवाज गल्लीच्या तोंडापासून तालमीपर्यंत जायचा. भाजीवालीशी त्या बोलायला लागल्या की भाजीवाली बुट्टी खाली ठेवून मांडी घालायची. मूलबाळ नव्हतं. अण्णांनी पुढच्या खोलीत खिडकीपाशी कॉट टाकली, म्हणजे त्यांना गल्ली दिसावी.

पहिला महिनाभर गल्लीतल्या बायका येऊन बसत. माझी बायको मंगलही जायची. मग हळूहळू कमी झालं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण समोरचं माणूस नुसतं बघतंय आणि आपण एकट्यानंच बोलतोय, हे किती वेळ जमणार? दहा मिनिटांत विषय संपतात, आणि मग उठताना अपराधी वाटतं. ते वाटू नये म्हणून माणूस जायचंच बंद करतो. हे मला आत्ता लिहिता येतंय. तेव्हा आम्ही एवढंच म्हणत होतो की वेळ मिळत नाही.

याच सुमाराला घरोघरी मोबाईल आले. इनकमिंग फुकट झालं आणि सगळा देश एकमेकांना मिस्ड कॉल द्यायला लागला. अण्णांनी दोन फोन घेतले, एक खिशात, एक घरात. आणि एका रविवारी सकाळी माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"मास्तर, एक तक्ता रंगवायचा हाय. ब्रश घ्या आणि चला."

"कसला तक्ता, अण्णा? म्हणजे विषय काय, आकार काय, त्यावर साधारणपणे..."

"सुट्टं बोला, मास्तर, सुट्टं!"

हे त्यांचं पेटंट वाक्य. गाडीत सुट्टे मागून मागून त्यांना लांबलचक बोलणं शंभराच्या नोटेसारखं वाटायचं. चार शब्दांच्या वर कुणी गेलं की हात पुढं करत आणि म्हणत, "सुट्टं बोला!"

त्यांच्या पुढच्या खोलीत, वहिनींच्या कॉटसमोरच्या भिंतीपाशी बसून मी रंगवत गेलो आणि अण्णा सांगत गेले. एक घंटी, थांबा. दोन घंट्या, चला. तीन वाजल्या की नळाला पाणी आलं. चार वाजल्या की दूध आलं. पाच म्हणजे पाहुणे आलेत, चहा वाढवा. सहा म्हणजे लाईट गेली.

"अण्णा, लाईट गेली हे घंटी देऊन कशाला सांगायचं? दिसतं की."

"पलीकडच्या फेजवर असतंय एखादं. त्याला कळाय नको?"

"आणि सात?"

"सात म्हंजे... काम काय न्हाय."

"काम नाही तर फोन कशाला?"

"लिवा तुमी. सात, काम काय न्हाय."

लिहिलं. खाली आठ बोटं जागा उरली. अण्णा म्हणाले, "आता एक शेवटची. सलग घंटी..." आणि त्यांनी कॉटकडं पाहिलं. वहिनी एकटक तक्त्याकडं बघत होत्या. अण्णांनी आवाज खाली घेतला. "ऱ्हाऊ दे. ते नगं. तिला दिवसभर समोर दिसणार."

मी कलावंत माणूस. रिकामी जागा मला सोसत नाही. तिथं मी एक सुरेख गुलाबी कमळ काढलं. तक्त्याच्या झेरॉक्स काढून अण्णांनी घरोघर वाटल्या. झेरॉक्सवर ते कमळ काळं उमटलं होतं.

मग सुरू झालं अण्णांचं राज्य. दोन्ही फोनचे नंबर आम्ही सगळ्यांनी 'चौगुले' याच नावानं साठवले होते आणि नियम एकच होता. उचलायचा नाही. नवखेपणी मी एकदा उचलला. पलीकडं शांतता. मी "हॅलो, हॅलो" करतोय तोवर अण्णा स्वतः दारात, लालबुंद.

"मास्तर! आमी घंटी दिल्यावर दत्त्या कधी मागं वळून 'काय म्हणताय?' असं इचारायचा काय? गाडी दरीत गेली असती!"

पुन्हा नाही उचलला.

आणि खरं सांगू का, चाललं होतं झकास. पाणी आलं की तीन घंट्या, आणि सगळी गल्ली एकाच वेळी नळावर. दूध नासायचं थांबलं. भारनियमनात कुणाच्या घरी अंधारात कुणी आदळेना. पेठेत आमची गल्ली शिस्तीची म्हणून नावाजली. फक्त बाहेरच्यांचे हाल होत. जयसिंगपूरहून माझा मेहुणा तीन दिवस फोन करत होता. आम्हाला मोजायची इतकी सवय लागलेली की नाव कोण बघतो? सहा घंट्या वाजून कटला की मंगल मेणबत्ती लावायची. भर दुपारी, डोक्यावर पंखा गरगरत असताना, आम्ही नवराबायको मेणबत्ती लावून बसायचो. चौथ्या दिवशी मेहुणा स्वतःच आला. त्याला मुलगा झाला होता. त्यानं मेणबत्तीकडं पाहिलं आणि घाबरून विचारलं, "कोण गेलं?"

सात घंट्यांचा मात्र उबग यायचा. दुपारी तीनच्या सुमाराला, जरा डोळा लागतोय तोच, सात. कधी आमच्याकडं, कधी शेजारी, कधी समोर. मंगल वैतागायची. "ह्या म्हाताऱ्याला काम न्हाय ते आमाला कशाला सांगतोय?" पण सात घंट्या आल्या की सात परत द्यायच्या, असा दंडक होता. ती झोपेतच बटण दाबायची, सात मोजायची, कूस बदलायची. झालं. शेजारधर्म पार पडला. हळूहळू गल्लीत कुणी कुणाच्या दारात जाईना. पाणी आलं हे ओरडून सांगणं संपलं, चहाला हाक मारणं संपलं. सगळं बिनबोभाट. रस्त्यावर उभं राहिलं तर नुसते घराघरांतून येणारे फोनचे आवाज.

एके सकाळी, तीन घंट्या होऊन पाणी भरून झालं होतं. मी दाढी करत होतो. फोन वाजला. चौगुले. मी ब्रश थांबवून मोजू लागलो. पाच. सहा. सात. आठ? मी मंगलकडं पाहिलं. तिची बोटं सुरूच. नऊ, दहा, अकरा. फोन आपोआप बंद झाला.

"अकरा म्हणजे काय गं?"

मंगलनं दाराआड जाऊन तक्ता पाहिला. "सातापुढं न्हाय काय. सातापुढं कमळ हाय."

तेवढ्यात शेजारच्या घरात फोन वाजायला लागला. वाजत राहिला. बंद झाला. मग त्याच्या पलीकडच्या घरात. घंटी घरोघर फिरत होती. आणि एकानंही उचलला नाही. आम्ही शिस्तीची गल्ली होतो.

मग आम्ही बाहेर आलो. माझ्या गालावर साबण, शेजारचे खोत दात घासत, समोरच्या पवारकाकू हातात उलथणं घेऊन.

"तुम्हाला किती?"

"अकरा."

"आमाला नऊच आल्या."

"नऊ न्हवं, धाच्या वर हुत्या. मोजायला शिकला न्हाईस काय?"

"चार आणि सात अकरा. म्हणजे दूध आलंय, पण काम नाही."

हसलो आम्ही. मी सांगतोय तुम्हाला, हे वाक्य माझं होतं आणि सगळे हसले. एवढ्यात पुन्हा माझ्या घरातून घंटी सुरू झाली. आम्ही सगळे रस्त्यात उभे राहून, बोटं वर करून, एका सुरात मोजू लागलो. अण्णांचं दार तिथून बारा पावलांवर होतं. आम्ही मोजत होतो.

दत्तोबा पलीकडच्या आळीत राहायचा. म्हशीची धार काढून देतात त्या कट्ट्यावरून तो रोज त्या वेळेला दुधाची किटली घेऊन परत जायचा. आमचा तो समूहस्वर ऐकून थांबला.

"काय चाललंय?"

"अण्णांची घंटी," मी म्हणालो. "थांबतच नाहीये. तक्त्यात नाही अशी."

दत्तोबानं क्षणभर कान दिला. त्याच्या हातातून किटली सुटली. सत्तरीचा माणूस, गुडघे गेलेला, पण त्या दुधातनं तो जो पळाला!

"सलग हाय रं! कोण तरी चाकाखाली आलंय!"

अण्णा मोरीत पडले होते. भरलेली घागर बाजूला कलंडलेली. कॉटवर वहिनी, डाव्या हातात फोन, अंगठा बटणावर. आम्हाला पाहिल्यावरही तो अंगठा थांबत नव्हता. दत्तोबानं तो हळूच सोडवला. माझ्या गालावरचा साबण तोवर वाळला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पडून किती वेळ झाला?" मला मिनिटांत सांगता आलं नसतं. घंट्यांत सांगता आलं असतं.

अण्णा दुपारपर्यंत होते. बाहेरच्या बाकावर मी दत्तोबाशेजारी बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "या घंटीच्या नादापायी झालं हे. फोन उचलला असता कुणी, तर..."

"उचलून काय ऐकू आलं असतं? ती बोलती काय?" दत्तोबा समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाला. मग स्वतःशीच म्हणाला, "श्वास ऐकू आला असता म्हणा. त्यावरनं कळलं असतं."

"पण हा हट्ट कशाला होता त्यांचा? सगळ्या गल्लीनं घंट्याच द्यायच्या?"

"तुमाला ठावं न्हाय?" तो पहिल्यांदा माझ्याकडं वळला. "तक्ता तुमीच रंगवलासा की. तिला एका हातानं बटण दाबता येतंय, तेवढंच. मला म्हटला, दत्त्या, ती एकटीच मुकी हाय, ते मला बघवंना. म्हणून अख्खी गल्ली मुकी केली येड्यानं. पाणी आलं ते कोण सांगायचं? ती. खिडकीतनं नळ दिसतोय तिला. दूधवाला दिसतोय. लोकं म्हणायची अण्णांची घंटी, तर ती हसायची, तोंड वाकडं करून."

"आणि सात?"

"सात तिचीच. दुपारी तिला बायकांशी बोलू वाटायचं. तुमच्याकडनं सात परत आल्या की अण्णाला खुणंनं सांगायची, मंगल बोलली, पवारीण बोलली."

बाकाच्या टोकाला मंगल बसली होती. मी तिच्याकडं पाहिलं नाही. तिनंही माझ्याकडं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी शववाहिका उभी राहिली. हातकणंगल्याहून वहिनींची बहीण आली होती. तिनं आणि मंगलनं वहिनींना उचलून खिडकीशी खुर्चीत बसवलं. अण्णांना आत ठेवून झालं, हार घालून झाले, मागचं दार लागलं. पुढं ड्रायव्हर, त्याच्या शेजारी दत्तोबा, आणि मी बाहेरून गाडीच्या खिडकीचा गज धरून. ड्रायव्हर कुठून तरी बदलीवर आलेला पोरगेला इसम. इंजिन सुरू करून तो थांबला. कुणीतरी निघा म्हणावं, म्हणून तो आमच्याकडं बघत होता. आम्ही सगळे वहिनींच्या खिडकीकडं बघत होतो. निघा कोण म्हणणार? पाच वर्षांत गल्लीची बोलायची सवयच गेली होती. इंजिन नुसतं घरघरत राहिलं.

आणि दत्तोबाच्या खिशात फोन वाजला.

अशा वेळी फोन! खोतांनी कपाळाला आठ्या घातल्या. एकदा वाजला. पुन्हा एकदा वाजला. थांबला.

मी वळून वहिनींच्या खिडकीकडं पाहिलं. दत्तोबानं पाहिलं नाही. त्यानं फोनही बाहेर काढला नाही. तो समोरच बघत होता, डोळ्यांतनं पाणी गळत होतं, आणि त्याचा उजवा पाय, जिथं काहीच नव्हतं अशा पत्र्यावर, खालपर्यंत दाबला गेला. मग तो शेजारच्या ड्रायव्हरवर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला,

"डबल बेल पडली की, पावणं! हाणा गाडी!"